वर्दी, तार आणि संकेतस्थळ : गंभीर विमान घटनांच्या सूचनेचा इतिहास
(औरंगाबाद विमान दुर्घटनेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

'वर्दी' हा मराठी प्रशासकीय भाषेतील जुना शब्द आहे. हिंदीच्या प्रभावामुळे तो आज गणवेश या अर्थानेच अधिक कानावर पडतो. परंतु गावात आकस्मिक मृत्यू झाला, आग लागली किंवा चोरी झाली, तर पोलीस पाटलाने ठाण्यास जी खबर द्यावयाची, तिला वर्दी म्हणत. अग्निशमन दलाच्या व्यवहारात हा अर्थ अद्यापही टिकून आहे. वर्दी कोणी द्यावयाची, कोणाकडे द्यावयाची आणि कोणत्या घटनेची द्यावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरलेली असतील तरच वर्दीला अर्थ राहतो. ती घोडेस्वाराकरवी पाठवावी, तारेने पाठवावी की संगणकावरून, हा त्यानंतरचा प्रश्न होय.

नागरी विमान वाहतुकीच्या क्षेत्रात शासनाच्या सुरक्षा यंत्रणांना गंभीर घटना कळविण्याची पद्धत गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन झाली. या बदलाचे वर्णन बहुधा तंत्रज्ञानाची प्रगती म्हणून केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तारेच्या जागी ई-मेल आणि ई-मेलच्या जागी संकेतस्थळावरील नमुना येणे हा या इतिहासातील सर्वात सोपा टप्पा होता. अवघड होते ते 'जे घडले' त्याच्या जोडीला 'जे घडता घडता राहिले' तेही कळविण्याजोगे मानणे. त्याहून अवघड होते, आणि काही अंशी अजूनही आहे, ते कळविणाऱ्याच्या मनातील भीती दूर करणे. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेतला असून त्यासाठी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील १९९३ ची दुर्घटना हा आधारबिंदू मानला आहे.

२६ एप्रिल १९९३

इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण दिल्लीहून जयपूर, उदयपूर व औरंगाबादमार्गे मुंबईस जाणारे होते. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास या बोइंग ७३७ विमानाने चिकलठाणा विमानतळाच्या ०९ क्रमांकाच्या, म्हणजे पूर्वाभिमुख, धावपट्टीवरून धाव घेतली. विमानात कर्मचाऱ्यांसह ११८ जण होते. विमान जड होते आणि मराठवाड्यातील एप्रिलची दुपार होती. हवा तापली की विरळ होते, इंजिनाचा जोर व पंखांची उचल दोन्ही घटतात आणि विमानास जमीन सोडण्यासाठी अधिक लांब धावावे लागते. हे विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमिनीपासून सुटले.

त्या टोकापलीकडून रस्ता जात होता. चौकशीच्या निष्कर्षात त्याचा उल्लेख 'बीड रोड' असा आहे. त्याच क्षणी त्या रस्त्याने रुईच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. विमानाचे डावे मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर ट्रकच्या डाव्या बाजूस धडकला. विमान तसेच पुढे गेले, ईशान्येस सुमारे तीन किलोमीटरवर उच्चदाब वाहिनीच्या तारांना लागले आणि जमिनीवर कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले.

चौकशीअंती दोन कारणे नोंदविली गेली. पहिले वैमानिकांच्या चुकीचे : विमानाचे नाक उशिरा उचलले गेले आणि उचलण्याची पद्धतही योग्य नव्हती. दुसरे कारण राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचे अपयश हे होते. उड्डाणांच्या वेळी बीड रोडवरील वाहतूक नियंत्रित केली गेली नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास या दोन कारणांतील काळाचा फरक महत्त्वाचा वाटावा. पहिले कारण काही सेकंदांचे आहे. ते त्या दुपारी निर्माण झाले आणि त्याच दुपारी संपले. दुसरे कारण त्या दिवशी जन्मले नव्हते. रस्ता होता, धावपट्टी होती, गाठींचे ट्रक होते आणि उड्डाणांचे वेळापत्रकही होते. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील विमानतळाच्या टोकाशी रुईने भरलेला उंच ट्रक येणे ही काही अकल्पित गोष्ट नव्हे. अशा परिस्थितीची खबर अपघातापूर्वी कोणी, कोणास, कोणत्या नियमाखाली द्यावयाची होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तत्कालीन कायद्याकडे वळावे लागते.

तारेच्या काळातील नियम

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपाल घेऊन विमान आणले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत १९३४ चा विमान कायदा झाला आणि त्याखाली १९३७ चे विमान नियम आले. या नियमांच्या दहाव्या भागात अपघातांच्या अन्वेषणाची तरतूद होती आणि त्या भागाचा प्रारंभ सूचनेच्या नियमाने, म्हणजे नियम ६८ ने होत असे. अपघात झाल्यास विमानाच्या प्रमुखाने सूचना द्यावी. तो मृत वा असमर्थ असल्यास मालकाने, चालविणाऱ्या संस्थेने किंवा ज्याच्या वतीने विमान चालविले जात होते त्याने द्यावी, असा क्रम होता. सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालकांकडे जावी आणि जिल्हा दंडाधिकारी व नजीकच्या पोलीस ठाण्यासही माहिती दिली जावी. हे सर्व उपलब्ध साधनांपैकी जलद साधनाने आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत व्हावे, अशी अपेक्षा होती.

हा नियम आपल्या काळाच्या मानाने नेटका होता. वर्दीच्या तीनही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत आणि जुन्या ग्रामव्यवस्थेशी त्याचे नातेही स्पष्ट आहे. विमान बहुधा विमानतळावर पडत नाही. ते शेतात, डोंगरावर किंवा ओढ्यात पडते आणि तेथे प्रथम पोहोचतो तो गावकरी. म्हणून महासंचालकांच्या जोडीला पोलीस ठाणे आले. तथापि या नियमाचे केंद्र अपघात हे होते. माणूस मेला वा जबर जखमी झाला, विमान मोडले वा बेपत्ता झाले, तरच वर्दी. ज्या दुपारी ट्रक दोन सेकंद आधी निघून जातो, त्या दुपारची नोंद होण्याचे मूळ नियमात कारण नव्हते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही प्रारंभी हीच दृष्टी होती. १९४४ च्या शिकागो कराराच्या २६ व्या अनुच्छेदाने दुसऱ्या राष्ट्राच्या विमानाला झालेल्या अपघाताची चौकशी हे यजमान राष्ट्राचे कर्तव्य ठरविले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ मध्ये अन्वेषणाची मानके तेराव्या परिशिष्टाच्या रूपाने स्वीकारली. कमीत कमी विलंबाने आणि उपलब्ध असलेल्या सर्वात योग्य व जलद मार्गाने सूचना द्यावी, ही त्यातील अपेक्षा. सूचनेत काय असावे, हेही परिशिष्ट सांगते : विमानाचा प्रकार व नोंदणीचिन्ह, मालक, वैमानिकाची पात्रता, दिनांक व वेळ, निघण्याचे व उतरण्याचे ठिकाण, सहज ओळखता येईल अशा एखाद्या ठिकाणापासूनचे स्थान, माणसे किती, मृत किती, घडले काय. प्रारंभी एक सांकेतिक शब्द हवा : अपघातासाठी 'ॲक्सिड'. शब्दागणिक पैसे मोजण्याच्या काळाची ही काटकसर होय. आजचे संगणकीय नमुने पाहिले तर रकाने जवळपास तेच आहेत. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तारेचा साचा मात्र टिकून राहिला.

घडता घडता राहिलेले

'न घडलेला अपघात' कळविण्याजोगा आहे, हा विचार एका प्रत्यक्ष घटनेतून पुढे आला. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरत असलेले टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान डोंगरावर आदळले व ९२ जण ठार झाले. पुढे असे उघड झाले की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच डोंगराला लागता लागता वाचले होते. नियंत्रकाच्या अनुमतीचा तोच चुकीचा अर्थ तेव्हाही लावला गेला होता. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, परंतु ती माहिती घराबाहेर गेली नाही.

यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने स्वेच्छा-निवेदनाची योजना सुरू केली. ती पुरेशी चालली नाही आणि कारण उघड होते. परवाना देणारे व काढून घेणारे जे कार्यालय, त्याच्याकडेच आपली चूक कोण लिहून पाठविणार? म्हणून १९७६ मध्ये ही निवेदने स्वीकारण्याचे काम 'नासा'कडे देण्यात आले. या संस्थेला कोणालाही शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता आणि निवेदन करणाऱ्याची ओळख नोंदीतून काढून टाकली जात असे. ब्रिटनमध्ये १९८२ पासून याच धर्तीची योजना चालू झाली. वर्दी कोणाकडे जाते यावर ती येते की नाही हे अवलंबून असते, हा या प्रयोगाचा धडा होय; माध्यम तेव्हा टपालाचेच होते.

१९९० च्या दशकात तेराव्या परिशिष्टात 'गंभीर घटना' ही स्वतंत्र संज्ञा स्थिर झाली. तिच्यासोबत दिलेली टीप नेमकी आहे : अपघात आणि गंभीर घटना यांत फरक आहे तो केवळ परिणामाचा. हवेत टक्कर होता होता टळणे, अडलेल्या धावपट्टीवरून उड्डाण करणे किंवा ते अर्ध्यावर सोडून देणे, विमानात धूर वा आग, इंधनाची आणीबाणी, वैमानिक अचानक असमर्थ होणे अशी उदाहरणे जोडलेल्या यादीत येतात. या वाक्याने कायद्याच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट केली. ट्रकला धडकणे आणि ट्रकवरून दोन हात अंतराने निघून जाणे, या दोन प्रसंगांना त्याने एकाच रांगेत बसविले.

कळवून घेणारा कोण?

औरंगाबादच्या संदर्भात एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. १९९३ मध्ये विमान चालविणारी इंडियन एअरलाइन्स शासकीय होती. विमानतळ चालविणारे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण शासकीय होते (१९९५ मध्ये ते भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले). सूचना स्वीकारणारे व नियम करणारे महासंचालनालयही शासकीयच. कळविणारा, ज्याच्याविषयी कळवायचे तो आणि कळवून घेणारा, तिघेही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली होते. चौकशीने प्राधिकरणाचे अपयश स्पष्ट शब्दांत नोंदविले, हे श्रेयस्कर आहे. परंतु अपघातापूर्वी या रस्त्याविषयी तक्रारीचा कागद निघाला असता, तर तो या तीन टेबलांच्या मध्येच फिरला असता.

या रचनेस धक्का बसला तो मंगळूरच्या दुर्घटनेमुळे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत गेले व १५८ जण मरण पावले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्षपद हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होते. स्वतंत्र सुरक्षा मंडळ असावे, ही त्या चौकशीची एक महत्त्वाची शिफारस होती. आंतरराष्ट्रीय संघटनेचा आग्रहही नियामक व अन्वेषक वेगळे असावेत असाच होता. २०१२ मध्ये विमान (अपघात व घटना अन्वेषण) नियम आले आणि विमान अपघात अन्वेषण ब्युरो अस्तित्वात आला. या नियमांनी अपघातासोबत गंभीर घटनेची सूचनाही बंधनकारक केली आणि ती महासंचालकांबरोबर ब्युरोकडेही जाऊ लागली. २०२० च्या दुरुस्तीने ब्युरोला कायद्याचा आधार मिळाला. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, त्यातही तो कायम आहे. मात्र ब्युरो मंत्रालयाच्याच कक्षेत राहिला. गोखले यांच्या चौकशीला अभिप्रेत असलेले मंडळ आणि प्रत्यक्षात आलेला ब्युरो यांतील हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

संगणकीय नमुन्याचा काळ

माध्यमाचा बदल याच सुमारास झाला. युरोपीय संघाच्या ३७६/२०१४ या विनियमाने घटना कळविण्यासाठी ७२ तासांची मर्यादा घातली आणि त्यासाठी महाजालावर समाईक प्रवेशद्वार उभे राहिले. अमेरिकेत प्रथम सूचना तत्काळ, दूरध्वनीसारख्या जलद साधनाने, आणि लेखी नमुना अपघातानंतर दहा दिवसांत, अशी दुहेरी रीत आहे. भारतात महासंचालनालयाच्या सेवा 'ई-जीसीए' या मंचावर एकत्र आल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा मंच राष्ट्रार्पण करण्यात आला.

वेगाचे महत्त्व येथे केवळ प्रशासकीय नाही. कॉकपिटमधील संभाषण टिपणारा रेकॉर्डर फिरत्या पट्टीप्रमाणे चालतो आणि जुने पुसून नवे टिपतो. पूर्वी तो अर्ध्या तासाचा असे, नंतर दोन तासांचा झाला. नव्या मोठ्या विमानांसाठी २५ तासांची मर्यादा अलीकडची आहे. अपघातात वीजपुरवठा तुटतो व रेकॉर्डर आपोआप थांबतो. गंभीर घटनेत विमान सुखरूप असते, त्यामुळे रेकॉर्डर चालूच राहतो आणि पुरावा पुसत जातो. म्हणजे ज्या घटनेत कोणी मेले नाही, तिची वर्दी अधिक घाईची असते! १९३७ च्या नियमातील २४ तास अपघाताच्या दृष्टीने पुरेसे होते; घटनेच्या दृष्टीने ते फार आहेत.

महाराष्ट्राशी संबंध असलेल्या तीन घटनांवरून हे स्पष्ट होईल. ९ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईत उड्डाणासाठी वेगाने धावणाऱ्या प्रवासी विमानाला ब्रेक लावून थांबावे लागले, कारण छेदणाऱ्या धावपट्टीवर तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातील हेलिकॉप्टर होते. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर एअर इंडियाचे एअरबस ३२१ विमान दिल्लीसाठी धावत असता वैमानिकास धावपट्टीवर जीप व माणूस दिसला. वेग सुमारे १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर होता. विमान लवकर उचलावे लागले, शेपटीकडील भागास इजा झाली, पण ते दिल्लीस सुखरूप उतरले. रेकॉर्डर ताब्यात घेण्यासाठी विमान सेवेतून बाजूस काढण्यात आले. पुणे ते दिल्ली हा प्रवासच सुमारे दोन तासांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आदेशामागील निकड कळते. औरंगाबादचा ट्रक धावपट्टीच्या पलीकडे होता, पुण्याची जीप धावपट्टीवरच होती. फरक परिणामाचा.

तिसरी घटना अधिक बोलकी आहे. १२ ऑक्टोबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर तिरुचिरापल्लीहून दुबईस निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ विमानाने धावपट्टीच्या टोकाकडील अवतरण-मार्गदर्शक यंत्रणेचा अँटेना व कुंपणाची भिंत यांना धडक दिली. विमानात १३६ जण होते. कॉकपिटमधील सर्व निर्देशक व्यवस्थित असल्याने वैमानिक पुढे निघाले. धडकेची शंका जमिनीवरील कर्मचाऱ्यांना आली आणि त्यांनी ती कळविली. विमान अरबी समुद्रावरून मुंबईकडे वळविण्यात आले व चार तासांच्या प्रवासानंतर सुखरूप उतरले. तेव्हा त्याच्या पोटाची झालेली हानी दिसली. उड्डाणाच्या धावेत इंजिनांचा जोर नकळत कमी झाला होता, असे पुढे अन्वेषणात निष्पन्न झाले. दोन तासांच्या रेकॉर्डरमध्ये त्या क्षणीचे बोलणे चार तासांनी उरत नाही. आधार राहतो तो अधिक काळ टिपणाऱ्या उड्डाण-माहिती रेकॉर्डरचा. या घटनेत वर्दी देणारा विमानाचा प्रमुख नव्हता. त्याला घडलेले ठाऊकच नव्हते. जमिनीवर तुटलेली भिंत पाहणाऱ्याने प्रथम कळविले. १९३७ च्या नियमातील क्रम येथे उलटा झाला.

यातून पुन्हा औरंगाबादच्या रस्त्याकडे यावे लागते. आजच्या व्यवस्थेत वैमानिक, विमान कंपनी, हवाई वाहतूक नियंत्रक, विमानतळ चालक यांना कळविण्याचे मार्ग आहेत. स्वेच्छेने धोका कळविण्याची योजनाही महासंचालनालयाने चालू केली आहे. हे सर्व विमान वाहतुकीच्या व्यवसायातील लोक होत. धावपट्टीच्या टोकाशी असलेला रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा वा महामार्गाचा असतो, त्यावरील वाहतूक पोलिसांची, उच्चदाब वाहिनी वीज कंपनीची आणि शेजारची जमीन शेतकऱ्याची. विमान आपल्या ट्रकच्या टपावरून किती खालून गेले, हे ड्रायव्हरला सर्वांआधी कळते. परिशिष्टाच्या यादीत अडलेल्या धावपट्टीचा उल्लेख आहे, पण कुंपणाबाहेरच्या डांबरी रस्त्याला 'धावपट्टी' म्हणता येत नाही. नमुना इंग्रजीत असतो आणि त्यात विमानाचे नोंदणीचिन्ह विचारलेले असते. ड्रायव्हरला ते वाचता येण्याइतका वेळ मिळत नाही. तो ढाब्यावर पोहोचून सोबत्यांना प्रसंग सांगतो आणि गाठी घेऊन पुढे जातो.